शनिवारचा करार

जानेवारी २०१३ मध्ये विद्यापीठाच्या संशोधन समितीनं शिवकन्या नागरेचा पीएच.डी.चा विषय परत केला, तो अवघ्या सात मिनिटांत. ती पहाटेच टाकळगव्हाणहून निघाली होती. उमापूरपर्यंत जीप, तिथून गेवराई, गेवराईहून औरंगाबाद. दारात तीन तास बसवल्यावर तिला आत बोलावलं.

समितीचे अध्यक्ष डॉ. मोहनराव आंबेकर. पस्तीस वर्षं त्यांनी तह, करार आणि राजदूतांचे खलिते यांचा अभ्यास केलेला. शिवकन्या गेवराईच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर ‘आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास’ शिकवायची, ती त्यांच्याच पुस्तकावरून.

त्यांनी तिच्या विषयाचा कागद चष्म्याजवळ नेला. “‘भारत-हैदराबाद संबंध, १९४७-४८ : सीमेवरच्या गावांतून’. बाई, हा आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास नाही. हा तालुक्याचा इतिहास आहे.”

“सर, पंधरा ऑगस्टनंतर हैदराबाद स्वतःला स्वतंत्र म्हणवत होतं. नोव्हेंबरात भारताशी जैसे थे करार केला. पुढं तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांत नेली. आणि त्या दोन मुलखांची हद्द आमच्या गावाच्या ओढ्यावर होती. तिथल्या माणसांनी ती कशी—”

“करार दिल्ली आणि हैदराबादमध्ये झाला,” मोहनराव म्हणाले. “तुमच्या ओढ्यावर नाही झाला.”

समितीतले बाकीचे हसले. मोहनरावांनी पांढऱ्या कागदावर शेरा मारला: विषय स्थानिक स्वरूपाचा. साधनांचा अभाव. त्यांचा आवाज मात्र वाईट नव्हता. “राजनैतिक पत्रव्यवहार घ्या. दिल्लीला जा. माणसाला लागेल तेवढा कागद तिथं आहे,” असंही ते म्हणाले.

परतीच्या एसटीत शिवकन्येला रडू आलं नाही, राग आला. तिचे आई-बाप दर दिवाळीला कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. ती हॉस्टेलात राहून शिकली. सुट्टीत घरी आली, की वाघओढ्याच्या काठी मोडून पडलेला एक दगडी चौथरा दिसायचा. म्हातारी माणसं त्याला करोडगिरीचा नाका म्हणायची. करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्यातली जकात. ओढ्याच्या अलीकडं निजामाची मोगलाई आणि पलीकडं इंग्रजी, अशी जुन्या माणसांची भाषा. इंग्रज गेले तरी पलीकडची खडकवाडी त्यांच्या तोंडी ‘इंग्रजीत’च राहिली. एवढी मोठी रेघ आपल्या गवतातून गेली आणि तिचा इतिहास फक्त दिल्लीत सापडतो, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. पण मोहनरावांचा दुसरा शेरा खरा होता. साधनं नव्हती. एक मोडका चौथरा म्हणजे साधन नव्हे.

त्या वर्षी दुष्काळ असा होता, की मार्चमध्येच विहिरींचे तळ पांढरे पडले. टाकळगव्हाणच्या सेवा सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. आजूबाजूच्या सात वस्त्यांची जनावरं आणि त्यांच्यासोबत माणसं तिथं येऊन राहिली. ऊसतोडीवरून लवकर परतलेला शिवकन्येचा बाप राधाकिशन आपली बैलजोडी घेऊन तिथंच होता. शिवकन्या शनिवार-रविवारी त्याचा डबा घेऊन जायची.

नऊ मार्चचा शनिवार होता. जनावरांना चाटायला मिठाचे खडे आले नव्हते, म्हणून छावणीत दोघं-तिघं ओरडत होते. शेजारच्या पाचटाच्या कोपीत सत्यभामाबाई बसल्या होत्या. ऐंशी पार केलेली बाई, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. मुलाची एक गाय आणि दोन कालवडी सांभाळायला त्या स्वतः हट्टानं छावणीत येऊन राहिल्या होत्या.

“दोन दिस मीठ न्हाई तर एवढं वरडता व्हय?” त्या म्हणाल्या. “मिठावाचून काय होतं ते आमाला इचारा. मोगलाई बुडायच्या साली आमी संक्रांतीची भाकर अळणी खाल्लीय.”

शिवकन्येनं हातातला डबा खाली ठेवला. “आजी, मोगलाई बुडायच्या साली म्हणजे?”

“पोलीस आले, त्याच्या आदल्या संक्रांतीला. माझं लगीन होऊन दोन वर्सं झालती. इकडं यायचं सारं मीठ हिंदुस्थानानं रोखलं. रॉकेल न्हाई, मीठ न्हाई. वरून रझाकारांची धास्ती.”

“मग काय केलं तुमी?”

“काय करणार? आणलं.”

“कुठून?”

म्हातारीनं पलीकडं, खडकवाडीच्या दिशेनं हनुवटी उडवली. “माझं म्हायेर हाय ना तिथं.”

शिवकन्येनं मोबाइल काढला. “आजी, हे सगळं मला पहिल्यापासून सांगता? मी यात भरून घेते.”

“भर की. मला काय कुणाचं भ्या हाय?”

चाळीस मिनिटं म्हातारी बोलली. टाकळगव्हाणात तेव्हा गल्ला सोसायटी होती. सुगीला प्रत्येकानं आपापली जोंधळ्याची पोती द्यायची, ती गावच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल कोठारात, भरायची आणि नडीच्या काळात सभासदांना वाटायची. सुंदरराव पाटील चेअरमन. त्या साली पेव भरलेलं होतं, पण मीठ नव्हतं. पलीकडं खडकवाडीत पाऊस दगा देऊन गेलेला. तिथं रेशनवर मीठ मिळायचं, पण खायला दाणा नव्हता. सत्यभामेला ही दोन्ही घरं दिसत होती, कारण तिचं एक घर इकडं होतं आणि एक तिकडं. तिनं सासूच्या तोंडून सुंदररावांच्या कानावर घातलं. सुंदररावांनी सभासदांना लिंबाखाली बोलावलं. ‘सोसायटीचा दाणा दुसऱ्या राज्यात कसा द्यायचा?’ यावर लई भांडणं झाली. शेवटी सासूच उठली आणि म्हणाली, ‘अळणी खाऊन बघा अजून चार दिस, मग या बोलायला.’ दाण्याच्या बदल्यात मीठ, असा ठराव झाला. संक्रांतीच्या सणाला माहेरी जायचं निमित्त करून सोळा वर्षांची सत्यभामा नाक्यावरून पलीकडं गेली. शिपायानं गाठोडं सोडून पाहिलं, त्यात तीळगूळ होता. निरोप तिच्या डोक्यात होता. तिचा भाऊ म्हाळू तिकडच्या पंचांना भेटला. तीन दिवसांनी ती परत आली, ती होकार घेऊन.

“अदलाबदल शनवारी करायचो आमी,” त्या म्हणाल्या. “कावून, तर नाक्यावरचा अमीन, म्हंजी तिथला अंमलदार, शनवारी गेवराईला जायचा.”

त्याच आठवड्यात शिवकन्येनं ते रेकॉर्डिंग सीडीवर घेतलं आणि कॉलेजच्या ग्रंथालयात दिलं. ग्रंथपालाकडून तारीख घालून पावती घेतली. विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगायची, की माणूस काय म्हणाला याच्या आधी कधी म्हणाला ते लिहा.

पण नुसत्या आठवणीवर मोहनराव हलणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आठवणीला टेकू हवा होता. निजामाच्या जकात खात्याचे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात असतात, असं तिनं वाचलं होतं. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या तशी ती गेली. अकरा दिवस ती जुन्या कागदांचे बस्ते सोडत आणि बांधत होती. बाराव्या दिवशी एका बस्त्यात वाघओढा नाक्याचा रोजनामचा निघाला. एकशे चार पानं, सगळी उर्दूत, घाईच्या वळणात लिहिलेली. तिला छापील उर्दू वाचता येत होती, पण त्या वळणापुढं ती लुळी पडली. तारखा तेवढ्या कळल्या: इस्फंदार १३५७ फसली. म्हणजे जानेवारी १९४८. तिनं नकला काढून घेतल्या आणि थेट बीड गाठलं.

बीडला मोईनोद्दीन गुरुजी राहत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. दोन वर्षं दर रविवारी त्यांनीच शिवकन्येला अलिफ-बेपासून उर्दू शिकवली होती. त्यांनी नकला हातात घेतल्या, भिंग लावलं आणि व्हरांड्यात मांडी घालून बसले. ते सावकाश वाचत आणि ती मराठीत लिहून घेई.

“हा अमीन मोठा नेटका माणूस दिसतो,” गुरुजी म्हणाले. “दस्तगीर नाव आहे. बघ, दर शनिवारी एकच ओळ: आज रिपोर्ट देण्यासाठी गेवराईस गेलो.”

शिवकन्येच्या हातातला पेन थांबला. “गुरुजी, रविवारचं वाचा.”

“‘रविवार. ओढ्याच्या काठी जोंधळ्याचे दाणे सांडलेले. पावलं पुष्कळ. माल नाही, माणूस नाही.’” त्यांनी पान उलटलं. “हा पुढचा रविवार. ‘वाळूत गोणीचे ठसे, ठिकठिकाणी मिठाचे कण. कोणी दिसले नाही.’” आणखी एक पान. “‘पुन्हा तसेच.’” गुरुजी हसायला लागले. “बेटा, हा बिचारा चक्रावून गेला आहे! शेवटी लिहितो, ‘शनिवारी ओढ्यावर शिपाई ठेवावा काय, असा विचार केला. गरज वाटत नाही.’”

“गरज का वाटली नसेल?”

“ते कागदात नाही,” गुरुजी म्हणाले.

सलग चौदा रविवार. पहिली नोंद संक्रांतीनंतरच्या शनिवारच्या दुसऱ्या दिवसाची. म्हातारीनं सांगितलेलं आणि अमीनानं लिहिलेलं, दोन्ही एकमेकांत चपखल बसत होतं. अमीनाला फक्त पावलं दिसली होती, ती कुणाची ते कळलं नव्हतं. म्हातारीला पावलं कुणाची ते ठाऊक होतं, पण तारीख सांगता येत नव्हती. शिवकन्या उठून व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. गुरुजींच्या सुनेनं सरबत आणून ठेवलं, तेही तिला दिसलं नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बीडमध्ये इतिहास परिषदेचं अधिवेशन होतं. शिवकन्येनं निबंध पाठवला आणि तो स्वीकारला गेला. पत्रिका हातात आली तेव्हा कळलं, की तिच्या सत्राचे अध्यक्ष डॉ. मोहनराव आंबेकरच आहेत.

छावणीत हे समजल्यावर सत्यभामाबाई म्हणाल्या, “मीबी येणार.”

“आजी, ऊन लई हाय. एवढ्या लांब—”

“माझी गोष्ट माझ्या माघारी सांगती व्हय? गाय राधाकिशन बघंल. मी येणार.”

राधाकिशनानं मान डोलावली. त्याचा इलाजच नव्हता.

सभागृह भरलं होतं. कूलर आवाज जास्त आणि वारा कमी देत होते. शेवटून दुसऱ्या रांगेत सत्यभामाबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मोईनोद्दीन गुरुजी. शिवकन्येला वीस मिनिटं मिळाली. सुरुवातीला तिनं विषयाचं नाव वाचलं. मग ती जैसे थे करारावर आली, एक वर्षासाठी झालेला तो करार दहा महिन्यांत कसा मोडला ते तिनं सांगितलं, आणि तिथून ती वाघओढ्यावर उतरली. तिनं रोजनामच्यातल्या नोंदी वाचल्या. रेकॉर्डिंगमधली वाक्यं वाचली. “राज्यांचे संबंध राजधानीतून पाहिले तर नाकेबंदी दिसते,” ती म्हणाली, “ओढ्यावरून पाहिले तर त्याच नाकेबंदीत दोन मुलखांनी चालू ठेवलेला व्यवहार दिसतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय तो काळ पुरता कळत नाही.” आणि ती थांबली.

मोहनरावांनी माइक जवळ घेतला. “निबंध मेहनतीचा आहे. पण मला दोन शंका आहेत. पहिली. रोजनामचा तुम्हाला आधी सापडला असेल आणि त्यावरून तुम्ही आजीबाईंना प्रश्न विचारले असतील, तर त्या तुमचंच तुम्हाला सांगत आहेत.”

“रेकॉर्डिंग नऊ मार्चचं आहे, सर. बारा मार्चला ते ग्रंथालयात जमा झालं, त्याची पावती ही. अभिलेखागारातला माझा पहिला दिवस अकरा एप्रिल. तिथल्या नोंदवहीची नक्कल ही.” तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

मोहनरावांनी ते पाहिले. नीट पाहिले. मान हलवली. “ठीक. पहिली शंका मागे घेतो. दुसरी. अडचणीत माणसं एकमेकांना मीठ-दाणा देतात, त्याला आपण शेजारधर्म म्हणतो. करार म्हणायचा तर त्याला कलमं लागतात. अटी लागतात. त्या कुठं आहेत?”

शिवकन्येनं तोंड उघडलं, पण मागून आवाज आला.

“अटी मला इचारा की. त्या पोरीला काय म्हाईत? ती तवा जल्मली बी नव्हती.”

सगळ्या माना मागं वळल्या. सत्यभामाबाई पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन उभ्या होत्या. संयोजकांपैकी एकजण त्यांना बसवायला धावला, पण मोहनरावांनी हात वर केला. “राहू द्या. माइक द्या त्यांना.”

“मला न्हाई लागत त्ये,” म्हातारी म्हणाली, आणि खरंच लागला नाही. “पयली अट. कुणी कुणाचं तोंड बघायचं न्हाई. आमी दाणा ठिवून माघारी फिरायचं, मग त्येंनी यायचं. उद्या कुणी धरलं, इचारलं, तर ‘मी कुणाला बघितलं न्हाई’ असं देवाशपथ सांगता आलं पायजे. दुसरी. एक पायली जोंधळ्याला एक शेर मीठ. एखाद्या येळी कमी निघालं तर वरडायचं न्हाई, फुडल्या शनवारी भरून द्यायचं. तिसरी. बाळंतिणीच्या घरी पयलं मीठ, मग पाटलाच्या. चवथी. हे मीठ कुणी इकायचं न्हाई. इकलं तर त्याला सोसायटीतून काढायचं.”

मोहनराव बोटांवर अटी मोजत होते.

“आन् पाचवी,” म्हातारी म्हणाली. “ही मी ह्या पोरीलाबी सांगितली न्हाई. सुंदररावानं शपथ घातलती. दर शनवारी एक वंजळभर मीठ फडक्यात बांधून नाक्याच्या उंबऱ्यावर ठिवायचं. अमीनाच्या घरात चार लेकरं होती. तीबी अळणीच खात होती की.”

तिच्या शेजारी बसलेले मोईनोद्दीन गुरुजी एकदम ताठ झाले. “‘गरज वाटत नाही’!” ते मोठ्यानं म्हणाले. शिवकन्येनं कपाळावर हात मारला आणि भर सभेत हसली. रोजनामच्यातली तीच ओळ तिनं पाच मिनिटांपूर्वी वाचली होती. आता कुणाला समजावून सांगावी लागली नाही. कुजबुज सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

मोहनराव माइक सोडून उभे राहिले. “आजी, हा करार मोडला कधी?”

“मोडला न्हाई. पोलीस आले, नाका उठला, मीठ दुकानात आलं. मग गरजच ऱ्हाईली न्हाई. त्याआधी चौदा शनवार चालला, मग पावसाळा काढंल एवढं मीठ साठलं म्हणून थांबलो. पण मोडला न्हाई.” तिनं पदर सावरला. “तुमचा दिल्लीवाला किती टिकला म्हणली ही? धा म्हयने ना? आन् तोबी मोडून.”

आधी मागच्या रांगा हसल्या, मग पुढच्या, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. मोहनराव स्वतः टाळ्या वाजवत मंचावरून खाली उतरले, रांगांमधून चालत म्हातारीपर्यंत गेले आणि तिच्यापुढं उभे राहिले.

“मराठ्यांच्या काळी दुसऱ्या दरबारात बोलणी करायला जाणाऱ्याला वकील म्हणत,” ते म्हणाले. “तुम्ही दोन राज्यांमधल्या वकील होतात.”

“वकील न्हाई बाबा,” म्हातारी म्हणाली. “म्हाळूची बहीण.”

मोहनरावांनी खिशातून डायरी काढली. “पाचवी अट पुन्हा सांगता? शब्द न् शब्द लिहून घेतो.” आणि पस्तीस वर्षं तह वाचलेला तो माणूस रांगेतल्या खुर्चीवर टेकून लिहून घेऊ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी ते तिला वाचून दाखवलं. म्हातारीनं एक शब्द दुरुस्त केला.

मग ते शिवकन्येकडं वळले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “जानेवारीत मी चुकलो. अर्ज पुन्हा टाका.”

“विषयाचं नाव बदलू का, सर?”

“एक अक्षरसुद्धा बदलू नका.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. विषय मंजूर. मार्गदर्शक म्हणून डॉ. आंबेकरांनी स्वतःचं नाव सुचवलं होतं, तिची हरकत नसेल तर. शिवकन्या पत्र घेऊन छावणीत गेली, तेव्हा चाऱ्याच्या वाटपासाठी माणसं जमली होती. राधाकिशनानं पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, परत दिलं आणि सोसायटीच्या मंडपात शिरला. तिथं वाटपाचे नंबर पुकारायचा लाउडस्पीकर होता. त्यानं पुकारणाऱ्याच्या हातातला माइकच काढून घेतला.

“ऐका हो,” राधाकिशनाचा आवाज माळावर घुमला. “शिवकन्या राधाकिशन नागरे, ऱ्हाणार टाकळगव्हाण, हिला विद्यापीठानं पीएच.डी.ला घेतलंय.”

“कशात रं?” कुणीतरी कडब्याच्या गंजीवरून ओरडलं.

राधाकिशन अडला. त्याला आंतरराष्ट्रीय हा शब्द उच्चारता येईना.  मग तो म्हणाला, “राज्या-राज्याचं भांडण असताना माणसं कशी वागली, त्याच्यात. आन् ते आपल्या वाघओढ्यावरनं शिकायचंय. दिल्लीवाल्यांनीबी.”

छावणीत आरोळी उठली. बायकांनी शिवकन्येभोवती कोंडाळं केलं. कुणी गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. सत्यभामाबाई आपल्या कोपीच्या दारात गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. शिवकन्या पाया पडायला वाकली, तशी त्यांनी तिला मधेच धरून उभं केलं.

“पडू नगं. बस हितं,” त्या म्हणाल्या. “पलीकडच्या खडकवाडीत म्हाळूची सून हाय, सरस्वती. तिच्याकडं सासऱ्यानं सांगितलेलं लई हाय. ती बाजू तू अजून ऐकली कुठं? उद्या सकाळी निघायचं. मी सोबत येते.”